नवा गिझर घेण्याआधी जुना उघडून बघा

थंडी पडली की इमारतीत कुणा ना कुणाचा गिझर गळायला लागतो. मग त्याच संध्याकाळी दुकान गाठायचं, ‘पंधरा लिटर, फाइव्ह स्टार दाखवा’ म्हणायचं आणि जुना एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळं व्हायचं, ही आपली पद्धत. माझं आग्रहाचं सांगणं आहे, जुना गिझर असा न बघता देऊ नका. तो कशामुळे गेला हे कळल्याशिवाय नवा कुठला घ्यायचा हे ठरवताच येत नाही.

अलीकडेच एका शेजाऱ्यांकडे प्लंबरला गिझर खाली उतरवून उघडायला सांगितला. बुडाच्या झाकणाचे बोल्ट सोडून त्याने कॉइल बाहेर ओढली, तर तिच्यावर बोटाएवढा जाड पांढरट-पिवळा थर. टाकी कलती केली तशा बादलीत क्षाराच्या खपल्या खळखळत पडल्या. कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमची जाड कांडी असते. तिच्या जागी नुसती मधली तार लोंबत होती. टाकीला तळाशी जोडाजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. गळती तिथूनच.

ती कांडी म्हणजे अ‍ॅनोड रॉड. बहुतेक गिझरची टाकी पोलादाची असते आणि आतून तिला काचेसारखा मुलामा असतो. मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. तिथलं पोलाद गंजू नये म्हणून मॅग्नेशियम आधी झिजतं. ते संपलं की पोलादाची पाळी येते. कॉइल बदलता येते, थर्मोस्टॅट बदलता येतो. टाकी फुटली की गिझर भंगारात. आणि ही कांडी मिळते काही शे रुपयांना! गिझर विकताना तिच्याबद्दल चकार शब्द काढला जात नाही, याचा मला मनापासून राग येतो. कांडी कधी तपासायची हे कंपन्यांनी गिझरच्या अंगावरच ठळक छापायला हवं.

आता तुमचं पाणी बघा. धरणाचं पाणी येणारं घर आणि पुण्यात वाघोली-उंड्रीकडचं बोअर-टँकरवर चालणारं घर यांना एकच गिझर चालणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. फिल्टरवाला जो टीडीएस मीटर पाण्यात बुडवून दाखवतो, त्यात हा कठीणपणा वेगळा कळत नाही. तो प्रयोगशाळेतून काढून घ्यावा लागतो. आकडा मोठा आला, तर कॉइलवर क्षार बसू नयेत म्हणून मुलामा दिलेली आणि जाड कांडीची मॉडेलं बघा, आणि वॉरंटी कार्डावरचा बारीक मजकूर दुकानातच वाचा. अनेक कंपन्या ठराविक कठीणपणाच्या वरच्या पाण्याला वॉरंटीच देत नाहीत. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल, तितका क्षार जास्त धरतो.

स्टारचं मात्र थोडं सबुरीने घ्या. साठवणीच्या गिझरवरचे स्टार सांगतात ते एवढंच, की तापलेलं पाणी टाकीत नुसतं राहिलं तर दिवसभरात किती वीज वाया जाते. पाणी तापवायला लागणारी वीज सगळ्यांना सारखीच. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. २ किलोवॉटच्या कॉइलला वीसेक मिनिटं. ज्या घरात आंघोळीआधी बटण दाबतात आणि लगेच बंद करतात, तिथे दोन स्टारांच्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते टाकी आणि कांडीवर घालावेत. आजी-आजोबा, लहान बाळ, सतत कुणाला तरी गरम पाणी लागतं आणि गिझर दिवसभर चालू राहतो, अशा घरात पाच स्टारच घ्यावेत. तिथे ते पैसे नक्की वसूल होतात.

लिटरचा हिशोब सोपा आहे. ६० अंशांच्या १५ लिटरला विसण घातलं की आंघोळीजोगं ३० लिटर पाणी होतं, म्हणजे २० लिटरच्या दीड बादल्या. बादलीने आंघोळ करणाऱ्यांना तेवढं पुरतं. शॉवर असेल किंवा दोघं पाठोपाठ जाणार असतील तर २५ लिटर. उंच टॉवरमध्ये ८ बार दाब सोसणारीच टाकी घ्या.

स्वतःची गच्ची असेल तर आधी सोलरचा विचार करा, असं मी म्हणेन. क्षाराचं पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात, तिथे काचेच्या नळ्यांचा सोलर बरा. जुलै-ऑगस्टसाठी विजेची कॉइल जोडीला हवीच.

आणि गॅस गिझर? बाथरूमच्या आत नको म्हणजे नको. थंडीत खिडकी लावलेली, दार बंद, आत गॅस जळतोय आणि हवा कमी पडतेय, अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायचं बळ उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. बसवायचाच तर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. मुंबई-पुण्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी फोनवर एवढं एक जरूर विचारावं.

बसवायला माणूस आला की अर्थिंग तपासून घ्या, गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बसवा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काही जण त्याचं तोंड बंद करतात. ते कदापि करू देऊ नका, टाकीतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. टाकीवर मार्करने बसवल्याची तारीख घाला आणि क्षाराचं पाणी असेल तर वर्षाने, नाहीतर दोन वर्षांनी कांडी काढून बघा. सोसायटीच्या कमिटीने मनावर घेतलं तर हे फार सोपं होईल: पाण्याची एकदा तपासणी करून कठीणपणाचा आकडा नोटीस बोर्डावर लावायचा, आणि दिवाळीच्या आधी एक दिवस प्लंबर बोलावून सगळ्या घरांतल्या कांड्या एकदम तपासून घ्यायच्या.