पडद्याचा धंदा आणि उन्हाचा हिशोब

पडद्याच्या दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा डिझाइनचा आणि तिसरा भावाचा. मुंबईच्या मंगळदास मार्केटपासून तालुक्याच्या बाजारातील एका गाळ्याच्या दुकानापर्यंत हाच क्रम चालतो. खिडकी कोणत्या दिशेला आहे, ऊन किती वाजता आत येते, ते सोफ्यावर पडते की कपाटावर, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. दोन उन्हाळे गेले की पडद्याच्या चुण्यांवर पांढुरके पट्टे उठतात, सोफ्याची खिडकीकडची बाजू फिकी पडते, गालिचावर खिडकीच्या मापाचा डाग उमटतो. मग तेच गिऱ्हाईक चार लोकांत सांगते की माल हलका दिला. विकणारा, शिवणारा आणि रंगवणारा, तिघांचेही नाव खराब होते.

पडदे शिवणारे दर्जी, चिक बांधणारे कारागीर, सोफ्याचे गादीकाम करणारे, लाकडाला पॉलिश मारणारे, मालेगाव-भिवंडीचे विणकर आणि कापडाचे व्यापारी या साऱ्या धंद्यांत आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. घरातील सामान उन्हापासून वाचवणे हे काम याच हातांचे आहे. परंतु आपण ते शोभेचे काम म्हणून विकतो. शोभेच्या मालाला घासाघीस होते आणि रेडीमेड माल विकणारी कंपनी त्यात सहज पुढे जाते. संरक्षणाचे काम म्हणून तेच विकले, तर त्यात जाणकार कारागिराची गरज पडते आणि मजुरीही बरी मिळते. म्हणून उन्हाचा हिशोब आपल्या धंद्यातील प्रत्येकाला आला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऊन नेमके काय करते?

सूर्याच्या उजेडात तीन गोष्टी असतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, दिसणारा उजेड आणि उष्णता. खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी सर्वांत प्रखर भाग बराचसा अडवते, मात्र त्यापेक्षा सौम्य भाग मोठ्या प्रमाणात आत सोडते. त्यामुळे काच लावली म्हणजे सामान सुरक्षित झाले, हा समज चुकीचा आहे. शिवाय रंग केवळ अतिनील किरणांनी उडत नाही. दिसणारा उजेडही रंगाचे कण मोडतो आणि उष्णता त्या क्रियेला वेग देते.

दुसरी गोष्ट अशी की, हे नुकसान साठत जाते. आज एक तास, उद्या एक तास असे करत ते जमा होते आणि मोडलेला रंग पुन्हा जुळत नाही. वस्तुसंग्रहालयांत जुने कापड, हस्तलिखिते आणि लघुचित्रे यांच्यासाठी उजेडाची मर्यादा साधारण ५० लक्स धरतात. भर दुपारच्या उघड्या उन्हाचा उजेड सुमारे १ लाख लक्स असतो. म्हणजे संग्रहालयातील कापडाला २,००० तासांत जेवढा उजेड लागतो, तेवढा उघड्या उन्हात एका तासात लागतो. काचेतून येताना तो काहीसा कमी होतो, तरी फरक किती मोठा आहे हे यावरून ध्यानात यावे.

प्रत्येक मालाची सोसण्याची ताकद वेगळी असते. रेशीम उन्हाला सर्वांत नाजूक. त्याचा धागाच कुजल्यासारखा होतो आणि पडदा हात लावताच फाटतो. सुती कापड पिवळे पडते व कमजोर होते. तागाची गतही चांगली नाही. काचेच्या आतल्या बाजूस पॉलिएस्टर बऱ्यापैकी टिकते. लाकडात शिसव आणि अक्रोड उन्हाने फिके होतात, पाइन पिवळे पडते. काही पॉलिशचे थरही काळाबरोबर पिवळे होतात. भिंतीवरची तसबीर, पुस्तकांचे पुठ्ठे, गालिचा, रेक्झिन यांपैकी कोणीही यातून सुटत नाही.

दिशा पाहून पडदा

आपल्याकडे सर्वांत नुकसान करणारी खिडकी पश्चिमेची. दुपारी तीन-साडेतीननंतर सूर्य खाली उतरतो आणि किरण आडवे येतात. वरचा छज्जा कितीही मोठा असला तरी ते त्याखालून आत शिरतात आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचतात. येथे खिडकी समोरून झाकल्याशिवाय इलाज नाही. पूर्वेच्या खिडकीलाही हाच नियम लागू आहे, फक्त वेळ सकाळची आणि हवा थंड.

दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात फसवते. डिसेंबरात मुंबईत भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४७-४८ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे ऊन बरेच आत येते. ऊन कोवळे वाटते म्हणून लोक पडदा उघडा ठेवतात आणि सामानाचा रंग जातो. उत्तरेच्या खिडकीला ऊन नाही, असे सरसकट सांगतात. तेही पूर्ण खरे नाही. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेकडूनही येते.

ही माहिती मोबाइलमधील होकायंत्रावर एका मिनिटात तपासता येते. माप घ्यायला जाणाऱ्या कारागिराने फूटपट्टीबरोबर दिशाही लिहून आणावी. तेवढ्याने गिऱ्हाइकाला कळते की समोरचा माणूस आपले काम जाणतो.

बाहेरची सावली पहिली

ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवणे उत्तम. काचेतून आत आलेले ऊन पडद्याने पकडले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. बाहेर चिक असेल, तर ती उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. कोकणातील कौलारू घरांच्या पडव्या आणि खाली उतरलेले छप्पर, हवेल्यांच्या जाळ्या, नागपूर-वऱ्हाडातील वाळ्याचे पडदे, ही सारी उन्हाला घराबाहेर रोखण्याचीच साधने होती. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले की सावलीबरोबर गारवाही मिळे.

बांबूच्या चिकेचा मोठा गुण म्हणजे ती वारा अडवत नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत खिडकी पूर्ण बंद करून कोणी बसू शकत नाही. फ्लॅटमध्ये बाहेर काही लावायला सोसायटी हरकत घेते, ही अडचण खरी आहे. तेथे बाल्कनीत, ग्रिलच्या आतल्या बाजूने चिक सोडावी. पावसाळ्यात ती गुंडाळून वर बांधता यावी अशी दोरी असावी आणि बांबूला बुरशी-किडीपासून बचावाचे लेपन असावे. चिक बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वन कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतातला बांबू घेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

अस्तराचा सवाल

जेथे चिक शक्य नाही, तेथे अस्तर. आपल्याकडे पुष्कळ पडदे बिनअस्तराचे शिवले जातात, कारण खर्च वाढेल या भीतीने कारागीर त्याचे नावच काढत नाही. प्रत्यक्षात हिशोब करून पाहावा. समजा खिडकी ६ फूट रुंद आहे आणि चुण्यांसाठी दुप्पट कापड घ्यायचे आहे. ४८ इंची पन्ह्याचे तीन पाट लागतात. लांबी दुमडीसह ८ फूट धरली तर २४ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर कापड झाले. अस्तरालाही जास्तीत जास्त तेवढेच, पण साधे, स्वस्त, फिक्या रंगाचे कापड. त्या खर्चात महागडा पडदा, सोफा आणि गालिचा, तिन्ही सांभाळले जातात. अस्तर झिजले की तेवढेच बदलता येते. सोफ्याचे कापड बदलायला किती खर्च येतो, हे गिऱ्हाइकाला माहीत असतेच.

काम मात्र नीट झाले पाहिजे. सुती अस्तर आधी पाण्यातून काढून आटवून घ्यावे, नाही तर पहिल्या धुण्यात ते आखडते आणि पडदा गोळा होतो. अस्तर खालून मोकळे सोडावे. काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकी ठेवावी, म्हणजे ऊन परत फेकले जाते. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जास्त असावा, कारण फटीतून येणारी उन्हाची एक रेघही रोज त्याच जागी पडून डाग पाडते. ब्लॅकआउट कापडाला लेप असतो. त्या बाजूने गरम इस्त्री फिरवू नये, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे आणि बिलावरही लिहावे.

रंग पक्का म्हणजे कशाला पक्का?

दुकानात रंग पक्का आहे का, असे विचारले की आपण चिंधी पाण्यात बुडवून दाखवतो. ही पाण्याची परीक्षा झाली, उन्हाची नव्हे. धुण्यात न जाणारा रंग उन्हात जाऊ शकतो. उन्हातील पक्केपणा मोजण्यासाठी कापड उद्योगात ‘ब्लू वूल’ नावाची निळ्या लोकरीची मोजपट्टी वापरतात. तिच्यावर १ ते ८ असे अंक असतात. १ म्हणजे सर्वांत कच्चा, ८ म्हणजे सर्वांत पक्का, आणि दर पुढच्या अंकाला रंग उडायला आधीच्यापेक्षा साधारण दुप्पट वेळ लागतो. पडद्याचे ठोक कापड घेताना व्यापाऱ्याने हा अंक विचारलाच पाहिजे. विचारणारे वाढले की मिलवाले व प्रोसेसवाले तो सांगू लागतील.

ज्यांच्याजवळ प्रयोगशाळेचा खर्च करण्याची ऐपत नाही, त्यांनी घरगुती परीक्षा करावी. प्रत्येक लॉटची एक पट्टी पुठ्ठ्यावर लावावी, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि ती एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीत महिनाभर ठेवावी. नंतर दोन्ही भाग शेजारी धरून पाहावे. ही पट्टी तारखेसह वहीत चिकटवली की तीच आपली सनद. मालेगाव, भिवंडी, सोलापूर आणि इचलकरंजीच्या मालाला बाजारात हलका म्हणून हिणवणाऱ्यांना अशी वही हेच उत्तर आहे.

एका बाबतीत मात्र प्रामाणिकपणा सोडू नये. कोणताही पडदा, कोणतीही फिल्म ‘शंभर टक्के गॅरंटी’ देऊ शकत नाही. काचेवर लावायच्या चांगल्या पारदर्शक फिल्म अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतात हे खरे. पण दिसणारा उजेड आत येतच राहतो, म्हणून रंग उडायचा थांबत नाही, सावकाश उडतो. शिवाय काही फिल्ममुळे काच जास्त तापून तडकण्याचा धोका असतो, म्हणून काचेचा प्रकार पाहूनच फिल्म निवडावी. हे आधी सांगणाऱ्या दुकानदाराचा एखादा सौदा हातचा जाईल, परंतु त्याच्याकडे आलेले गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार नाही.

काय करता येईल?

गिऱ्हाईक खर्च करत नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण ज्याला फायदा सांगितलाच नाही, तो खर्च कशासाठी करील? आधी स्वतःच्या दुकानापासून सुरुवात करावी. पश्चिमेला तोंड असलेल्या कितीतरी कापड दुकानांत पुढच्या रांगेतील घड्यांचा रंग कडेवर उडतो आणि तो माल शेवटी कटपीसच्या भावाने जातो. दर्शनी भागावर चिक किंवा कनात सोडली आणि मांडलेला माल आठवड्याला फिरवला, तर हे नुकसान पुष्कळ टळेल.

दुसरे, या धंद्यांनी एकमेकांना काम द्यावे. सोफ्याचे गादीकाम करणाऱ्याने काम संपवताना खिडकीकडे बोट दाखवावे, पॉलिशवाल्याने चिकवाल्याचा नंबर द्यावा, पडदेवाल्याने अस्तराचे दोन नमुने नेहमी थैलीत ठेवावेत. आज हे सर्व एकाच गल्लीत राहूनही एकमेकांचे काम वाढवत नाहीत.

तिसरे, केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ धंद्यांत दर्जी, सुतार आणि चटई-टोपल्या विणणारे यांचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षणाची व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. पात्र कारागिरांनी चौकशी करून आपला हक्क घ्यावा.

रेडीमेड मालाच्या कंपनीकडे भांडवल आहे, जाहिरात आहे. आपल्याकडे हातातले हुनर आहे आणि गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन त्याची खिडकी पाहण्याची सोय आहे. ती सोय कंपनीच्या बंद पाकिटात मिळत नाही. ऊन तर दरवर्षी येणारच आहे. येत्या उन्हाळ्याआधी आपल्या बिलबुकात कापड, माप आणि भाव यांच्याबरोबर ‘दिशा’ हा एक रकाना वाढवा. खर्च शून्य आहे, आणि पुढची सारी बोलणी त्या एका रकान्यापासून सुरू होतील.