‘एवढ्या दूरून आलो, मग पाण्यात नको का जायचं?’



दिवाळीची सुट्टी संपली की आपण एक निबंध हमखास देतो. ‘माझी अविस्मरणीय सहल’ किंवा ‘मी पाहिलेला समुद्रकिनारा’. २०१९ च्या नोव्हेंबरात मीही दिला. सहावीतल्या एका मुलीने दीड पान लिहिलं. सोनेरी वाळू, फेसाळत्या लाटा, मावळणारा लालभडक सूर्य, वाळूचे किल्ले आणि शेवटी ‘खूप मजा आली’.

अक्षर सुंदर होतं. पण त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. हे मला कसं कळलं? कारण तिच्या वडिलांनी दोनच दिवसांपूर्वी सगळी हकिगत सांगितली होती.

त्यांचे मोठे भाऊ नोकरीनिमित्त कुडाळला. त्या वर्षी दिवाळी तिकडेच करायची आणि दोन दिवस मालवणला राहायचं, असा बेत होता. आता आंबागडच्या माणसासाठी मालवण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुमसर रोडहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबई, तिथून पुन्हा कोकणातली गाडी. तिकिटं कधीची काढलेली. घरातल्या कोणीच समुद्र पाहिला नव्हता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ तयार झालं. २४ ऑक्टोबरच्या सुमारास त्याची सुरुवात झाली आणि २७ तारखेला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते सुपर सायक्लोन झालं. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ झालंच नव्हतं. ते कोकणच्या किनाऱ्यावर आदळलं नाही, खोल समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेलं. पण जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीला पावसाने झोडपून गेलं. त्यात अमावास्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी येते, त्याला उधाण म्हणतात. उधाण आणि वादळ एकदम आलं की लाटा कुठवर येतील याचा भरवसा नाही.

किल्ल्याची होडी बंद. मग हे म्हणाले, निदान पाय तरी भिजवू, दोन मिनिटं. मोठ्या भावाने हात धरून मागे ओढलं. शब्दाला शब्द वाढला. लक्ष्मीपूजनाला दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे.

“एवढ्या दूरून गेलो जी सर, अन् पोरीले पाण्यात पायही नाही टाकू देला. वाया गेली सहल.”

पालकहो, मला बोलायचं आहे ते या वाक्यावर. ‘एवढ्या दूरून आलो.’ माझ्या मते समुद्रावर गेलेल्या माणसाच्या तोंडचं हे सर्वांत धोक्याचं वाक्य आहे. किनाऱ्यावर राहणारा माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो आणि घरी जातो, कारण समुद्र त्याच्या दारातच आहे. आपल्याकडे उद्या नसतो, परतीचं तिकीट असतं. म्हणजे ज्याला पाण्याची काहीच ओळख नाही, त्यालाच पाण्यात उतरायची सर्वांत जास्त घाई. समुद्राला काय, तुम्ही भंडाऱ्याहून आलात की बाजूच्या वाडीतून आलात, सारखंच.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळ्यासाठी हे सगळं बंद व्हायला दोन-तीनच दिवस उरले होते. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा तर वादळाचा मोसमही नव्हता. त्यानंतर सहलींवर अटी आल्या, आपण हमीपत्रं भरून घेऊ लागलो. हमीपत्राला माझा विरोध नाही. पण त्या कागदाने आपण सुटतो, मुलाला पाण्याबद्दल काही कळत नाही.

मग वर्गात काय करता येईल? मी एक सांगतो. कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वा अकरा. ही वेळ सकाळची तशीच रात्रीचीही, आणि मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजच आहे हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून त्याच्या भरवशावर पाण्यात उतरायचं नाही, तिथल्या माणसाला विचारायचंच. पण भिंतीवरचं कॅलेंडर, अपूर्णांक आणि समुद्र एका तासात एकत्र येतात. मुलं अक्षरशः भांडतात फळ्यावर येण्यासाठी. पाऊणकीचा पाढा आता कोणी पाठ करत नाही, तो मी याच निमित्ताने पुन्हा काढला!

तसंच बंदरावरच्या बावट्याचं. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका, हे सहावीच्या मुलाला सहज समजतं. हवामान खात्याचे रंगही सांगा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. कोणी म्हणेल, आमच्या मुलांना समुद्राशी काय करायचं? ठीक आहे, पण रोवणीच्या दिवसांत वीज आपल्याच बांदीवर पडते. चांदपूरचा तलाव आणि वैनगंगा आपलीच. रंग तिथेही तेच आहेत.

आता पुन्हा त्या निबंधाकडे. मुलगी खोटं का बोलली? तिला खोटं बोलायचं नव्हतंच मुळी. तिला वाटलं, सहलीचा निबंध असाच असतो. गाइडमध्ये तसा, आपण फळ्यावर लिहून देतो तोही तसा. ‘मजा आली’ हे शेवटचं वाक्य तर आपण जणू सक्तीचंच करून ठेवलंय. घरी रोज ऐकते, सहल वाया गेली. मग वाया गेलेल्या गोष्टीवर निबंध कसा लिहायचा?

मी वही परत दिली आणि म्हटलं, मार्क नंतर, आधी जे झालं ते लिही. ती म्हणाली, “सर, काहीच नाही झालं. आम्ही खोलीतच होतो.” मी म्हटलं, तेच लिही.

तिने जे आणलं ते मी त्या संध्याकाळी घरी दोनदा वाचलं. खिडकीची काच रात्रभर वाजत होती. दिवे गेले होते आणि आईने दिवाळीसाठी नेलेल्या पणत्या खोलीत लावल्या. समुद्राचा रंग निळा नव्हता, आपल्या पुराच्या पाण्यासारखा होता. मोठे बाबा पप्पांना ओरडले तेव्हा ती घाबरली, पण त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली. ती वाकलेली बांगडी तिने ठेवून दिली आहे.

शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. मी दहापैकी नऊ दिले आणि तिला सांगितलं, हा निबंध घरी पप्पांना वाचून दाखव. तिने दाखवला. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते भेटले, बराच वेळ धानाबद्दल बोलले आणि निघताना म्हणाले, “काल भावाले फोन केला होता जी.”