काचेखालचा चिंतामणी

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही शासकीय कार्यालयात जा. लिपिकाच्या टेबलावरील काचेखाली कळंबच्या चिंतामणीचे चित्र आढळते. नाहीतर माहूरच्या रेणुकामातेचे किंवा शेगावच्या गजानन महाराजांचे. शेजारी मुलाबाळांची छायाचित्रे. खंडेनवमीला संगणकालाही झेंडूचा हार चढतो. आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ज्या जागी बसून काढायची, ती जागा माणूस आपलीशी करतो. यात शासनाचे काय बिघडते?

बिघडते, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून शासकीय कार्यालये व शाळा यांतील देवदेवतांच्या तसबिरींना आणि धार्मिक कार्यक्रमांना मनाई केली. त्या वेळी राज्यात युतीचे सरकार होते, हे विशेष! गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात परिपत्रक मागे घ्यावे लागले. सत्ता बदलली तरी मंत्रालयातील टाचणी-फाईलवाल्यांची मनोवृत्ती बदलत नाही, एवढे मात्र त्यातून दिसले. राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत मूलभूत हक्कांच्या भागाच्या आरंभी नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविलेले राम, लक्ष्मण व सीता यांचे चित्र आहे. ज्या ग्रंथाला रामाचे वावडे नाही, त्याच्या नावाने काचेखालचा गणपती हटविणे याला निधर्मीपणा म्हणायचे की अडाणीपणा?

याचा अर्थ कार्यालयात नियमच नकोत, असा मात्र नव्हे. कार्यालय म्हणजे घर नव्हे. प्रश्न आहे तो नियमाच्या कसोटीचा, आणि ती कसोटी टेबलाच्या पलीकडे उभा असलेला नागरिक हीच असली पाहिजे. वीतभर चित्राने त्याची वाट अडत नाही, त्याचे काम थांबत नाही. हीच मुभा मुसलमान वा ख्रिस्ती कर्मचाऱ्यालाही निःसंकोच मिळावी. न्याय सर्वांना सारखा असेल तरच तो न्याय. उलट, राजकीय पुढाऱ्याचे छायाचित्र आणि कंत्राटदाराने भेट दिलेले कॅलेंडर यांवर परिपत्रक काढा. कर्मचारी कोणाचा मिंधा आहे, हे त्या कॅलेंडरावरून नागरिकाला कळते आणि त्याचा विश्वास उडतो. नावाची पाटी झाकणारी सजावटही नको. समोर कोण बसले आहे, हे जाणण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

टेबलाविषयीचा एक नियम तर कायद्यातच आहे. शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. जाणूनबुजून विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई आहे. तसबिरी मोजणाऱ्यांनी कधी या नस्त्यांचे दिवस मोजले काय? आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाच्या मदतीचा प्रस्ताव घेऊन झरी-जामणीची एखादी माउली दिवसाची मजुरी बुडवून येते आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढे ऐकून परतते. तिची भावना तसबिरीने दुखावत नाही, ‘उद्या या’ या दोन शब्दांनी दुखावते.

येथे आपल्याच माणसांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. तसबिरीसाठी रस्त्यावर उतरणारे आपण, त्या तसबिरीच्या साक्षीने अडलेल्या नस्तीसाठी किती वेळा उतरलो? देव समोर ठेवून बसणाऱ्यावर इतरांपेक्षा अधिक जबाबदारी येते. हात जोडून दिवसाची सुरुवात करायची आणि दुपारी हात पसरायचा, हा धर्म नव्हे.

चिंतामणी म्हणजे चिंता हरण करणारा. पण काचेवर नस्त्यांचा ढीग साचला, की खालचा चिंतामणी दिसेनासा होतो. त्याला तेथून कोणत्याही परिपत्रकाने हटविलेले नसते. आपणच त्याला झाकून टाकलेले असते.