वार्ता विश्लेषण : खरेदी वाढली, समाधानाचे काय?

नवी दिल्ली : वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना 22 सप्टेंबर 2025 पासून, नवरात्राच्या पहिल्या दिवशी लागू झाली. 5 आणि 18 टक्के हे दोन मुख्य दर ठेवून दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे, छोट्या मोटारी आदींवरील कर कमी करण्यात आला. देशाच्या सकल उत्पन्नात खासगी उपभोगाचा वाटा सुमारे 60 टक्के असल्याने, ग्राहकाने खर्च करावा ही सरकारची अपेक्षा स्वाभाविक आहे. मात्र जी खरेदी अर्थव्यवस्थेच्या हिशेबात वाढ म्हणून नोंदवली जाते, तीच कुटुंबाच्या हिशेबात अनेकदा मासिक हप्ता म्हणून उतरते. या दोन हिशेबांमधील अंतरातच उपभोग आणि वैयक्तिक सुख यांच्या नात्याचा प्रश्न दडलेला आहे.

भारतीय कुटुंबांचा खर्च वाढला आहे, याविषयी शंका नाही. सांख्यिकी मंत्रालयाच्या 2023-24 च्या उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 रुपये, तर शहरी भागात 6,996 रुपये होता. 2011-12 मध्ये हेच आकडे 1,430 आणि 2,630 रुपये होते. महागाई वजा केली तरी ही वाढ लक्षणीय ठरते. अन्नावरील खर्चाचा वाटा ग्रामीण भागातही निम्म्याखाली आला असून प्रवास, कपडे, करमणूक आणि टिकाऊ वस्तूंसाठी अधिक पैसा वापरला जात आहे.

ही वाढ केवळ चैनीची म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दररोज सरासरी 289 मिनिटे, तर पुरुष 88 मिनिटे विनामोबदला घरकामाला देत असल्याचे आढळले. अशा घरात आलेले धुलाई यंत्र ही प्रतिष्ठेची खूण नसून दिवसातील मोकळ्या तासाची तरतूद असते. पहिला पंखा, पहिली दुचाकी किंवा पहिला शीतकपाट यांनी मिळणारा दिलासा खरा असतो आणि टिकाऊही असतो.

प्रश्न निर्माण होतो तो त्यापुढच्या टप्प्यावर. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्ये निदर्शनास आणले की, एका देशात एका वेळी श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असली, तरी देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत गेल्याने सरासरी सुख त्या प्रमाणात वाढत नाही. माणूस नव्या सुविधेला लवकर सरावतो आणि आपली तुलना शेजाऱ्याशी करतो, हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण. या निष्कर्षावर वाद आहेत. डॅनियल काहनेमन आणि मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी 2023 मध्ये संयुक्तपणे असे दाखवले की, बहुतेकांचे सुख उत्पन्नासोबत वाढत राहते. मात्र सर्वाधिक दुःखी गटात एका मर्यादेनंतर पैशाचा उपयोग थांबतो. तथापि हे संशोधन उत्पन्नाविषयी आहे, उसनवारीवर केलेल्या खर्चाविषयी नाही. हातातील उत्पन्न माणसाला निवडीचे स्वातंत्र्य देते. हप्ता हे स्वातंत्र्य पुढील अनेक महिन्यांसाठी काढून घेतो.

भारतातील चित्र याच बाबतीत चिंतेचे आहे. कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत 2020-21 या साथीच्या वर्षात सकल उत्पन्नाच्या 11 टक्क्यांहून अधिक होती. 2022-23 मध्ये ती सुमारे 5 टक्क्यांवर आली. त्यातील काही पैसा घरांमध्ये गुंतला, हे खरे. परंतु कुटुंबांच्या कर्जात गृहकर्जाव्यतिरिक्त कर्जांचा वाटा आता निम्म्याहून अधिक आहे. ही वाढ पाहूनच रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीम भार 100 वरून 125 टक्के केला. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर जुन्या मोबाईलची किंमत उरत नाही, हप्ता मात्र उरतो.

जागतिक आनंद अहवालाच्या 2025 च्या यादीत 147 देशांत भारत 118 वा होता. लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेल्या गुणांवर ही क्रमवारी आधारलेली असल्याने तिच्यावर आक्षेपही आहेत. तरीही त्या अहवालाने पुढे आणलेले घटक विचारात घेण्याजोगे आहेत : अडचणीत धावून येणारी माणसे, परस्परांवरील विश्वास, सोबतीने घेतलेले जेवण. यांपैकी काहीही हप्त्यांवर मिळत नाही.

म्हणून 'खर्च करा' आणि 'काटकसर करा' या दोन टोकांमध्ये धोरणाला जागा आहे. ग्राहकाला फसवून खरेदीस भाग पाडणाऱ्या 13 संकेतस्थळीय क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी निर्बंध घातले. डिजिटल कर्जात एकूण वार्षिक खर्च आधी सांगणे आणि ठरावीक मुदतीत दंडाविना माघार घेऊ देणे बंधनकारक आहे. या नियमांची अंमलबजावणी काटेकोर झाली, तर खरेदीपूर्वी विचारासाठी एक दिवस तरी हाती राहील. आरोग्य आणि रोजगाराची शाश्वती जितकी वाढेल, तितके कुटुंब निर्धास्तपणे खर्च करू शकेल. उपभोगाच्या आकड्यांतील वाढ समाधानात उतरायची असेल, तर महिनाअखेरीस कुटुंबाच्या हाती किती शिल्लक राहते, हाही प्रगतीचा निकष मानावा लागेल.