उद्या दाखवू

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये नासका माल ओळखायला वेळ लागत नाही. नाशिककडून रात्री उतरलेल्या कांद्याच्या गोणीतून जरा वास आला, की पहाटेच्या अंधारातही व्यापाऱ्याला तो कळतो आणि गोण तिथल्या तिथे बाजूला निघते. एकाची नासाडी बाकीच्यांत किती झपाट्याने पसरते, हे ज्ञान या बाजारात बापाकडून मुलाकडे आलेले आहे. मात्र तीच गोण पाठीवर वाहणाऱ्या माणसाच्या टाचेची चिरलेली भेग, हापूसच्या लाकडी पेटीच्या खिळ्याने फाटलेला तळवा, पावसाळ्यात सडलेल्या भाजीच्या चिखलात दिवसभर भिजलेली जखम यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तो स्वतःही पाहत नाही. चिंधी बांधतो, हळद दाबतो, कोणी चुना लावायला सांगितले तर तोही लावतो आणि पुढच्या ट्रककडे वळतो. दोन-तीन दिवसांनी त्याला हुडहुडी भरते. मग मुकादम, सोबती, बायको, भाऊ आणि आपण शिकलेले लोकही त्याला एकाच सुरात सांगतो : एक गोळी घे, पडून राहा, ताप नाही उतरला तर उद्या दाखवू. या ‘उद्या’वर जी माणसे मेली त्यांच्या मृत्यूला आपण सगळे जबाबदार आहोत, असा माझा आरोप आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात मी स्वतःलाही उभे करतो, कारण त्या माणसाने वाहून आणलेली भाजी रोज माझ्या ताटात येते आणि त्याच्या तापाची चौकशी मी आजवर केलेली नाही.

वैद्यकशास्त्र या अवस्थेला सेप्सिस म्हणते. जखम, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटातला पू, बाळंतपणानंतरचा संसर्ग, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस अशा कशानेही ती ओढवू शकते. जंतूंशी लढता लढता शरीराचे ताळतंत्र सुटते आणि ते स्वतःच्याच अवयवांवर घाव घालू लागते. रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे लघवी तयार करणे थांबवतात, फुप्फुसे दमतात, माणूस बरळू लागतो. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित मृत्यू १ कोटी १० लाखांच्या घरात होते, म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. हे ओझे बहुतांशी आपल्यासारख्या देशांनी उचलले. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून सर्व देशांना याकडे लक्ष द्यायला सांगितले. पण या आकड्यांहून मला एक जुना अभ्यास अधिक अस्वस्थ करतो. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सेप्सिसने रक्तदाब कोसळल्यानंतर पहिल्या तासाच्या आत ज्यांना योग्य प्रतिजैविक मिळाले, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के वाचले. त्यापुढच्या सहा तासांत विलंबाच्या प्रत्येक तासागणिक जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली. जिथे तासांचा हिशेब आहे, तिथे आपण दिवसांनी बोलतो.

ही बेफिकिरी आपल्यात आली कुठून? आपण तिला बेफिकिरी मानतच नाही, सोशिकपणा मानतो. दुखणे अंगावर काढणारा माणूस आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो. ‘कधी दवाखान्याची पायरी चढला नाही’ हे वाक्य आपण वडीलधाऱ्यांबद्दल अभिमानाने उच्चारतो, आणि आजारपण बोलून दाखवणाऱ्याला नाजूक ठरवतो. सातारा-सांगलीच्या, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांतून मुंबईला हमालीसाठी आलेल्या पिढ्यांना हेच बाळकडू मिळाले. इकडे खाडा पडला की मजुरी बुडते, तिकडे गावी पैशाची वाट पाहणारे घर असते. टोळीतला एक जण बसला की त्याचे ओझे इतरांच्या पाठीवर येते, म्हणून बसणाऱ्याला संकोच वाटतो. या संकोचाला आपण निष्ठा म्हटले. बायकांची तऱ्हा याहून वाईट आहे. मार्केटच्या कोपऱ्यात कांदा निवडणाऱ्या, टाकाऊ पाला गोळा करणाऱ्या बाईला लघवीची जळजळ आठवडाभर होत असली तरी ती कोणाला सांगत नाही. दिवसभर लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीही पीत नाही. तिला तसे कोणी शिकवले नाही; स्वच्छ संडासाची सोय न करता आपण ते तिच्याकडून करून घेतले. बाळंतिणीचा ताप ‘दुधाचा ताप’ ठरवून तिला अंधाऱ्या खोलीत ठेवणारे घर क्रूर नसते, प्रेमळच असते, आणि त्या प्रेमापायीच ती मरते. आपल्या रूढींचे हेच भयंकर आहे. त्या दुष्टांच्या हातून चालत नाहीत, सज्जनांच्या हातून चालतात.

घराबाहेर पडल्यावरही त्या तापलेल्या माणसाचे तास लुटले जातात. पहिला थांबा औषधांच्या दुकानात. ठरावीक महत्त्वाच्या प्रतिजैविकांची विक्री चिठ्ठीशिवाय होऊ नये आणि तिची नोंद ठेवली जावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. तरीही ‘तापाचा एक डोस द्या’ म्हटल्यावर कागदात बांधलेल्या चार रंगांच्या गोळ्या हातात पडतात. त्यात चुकीचे प्रतिजैविक अर्ध्या मात्रेत असले तर ताप तात्पुरता दबतो, रोग दबत नाही, आणि पुढे खरे औषधही बोथट ठरते. (सर्दीसाठी डॉक्टरकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने या दुकानदाराला नावे ठेवण्याआधी जरा थांबावे.) दुसरा थांबा सलाइन लावून देणाऱ्या बोगस डॉक्टरकडे. तिसरा अंगाऱ्याचा. आणि मग ती सगळ्यांत जिव्हाळ्याची चूक : ‘त्याला गावी घेऊन जाऊ.’ वाशीहून सातारा-पाटणपर्यंतचा घाटाचा रस्ता, मागच्या सीटवर आडवा पडलेला, थंडगार हातांचा, धापा टाकणारा माणूस. आणि आपली समजूत अशी की आईच्या हातची पेज आणि गावची हवा त्याला बरे करील. ज्या शहरात १०८ क्रमांकावर फुकट रुग्णवाहिका येते आणि मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत, त्या शहरातून आपण मरणासन्न माणसाला उपचारापासून दूर पळवतो, कारण ही रुग्णालये आपली आहेत असे त्याला कधी वाटू दिलेले नाही. दारातच अनामत रकमेचा आकडा ऐकून माघारी फिरलेल्यांच्या कहाण्या त्याने ऐकलेल्या असतात. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावले होते. तो निकाल टोळीतल्या कोणाला माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे, त्या आपण तो कोणाला सांगितला? शेवटी चौकात फलक लागतो, त्यावर ‘अल्पशा आजाराने निधन’ असे छापले जाते, आणि ते किती तासांत टळले असते हा प्रश्न फोटोच्या हाराआड जातो.

हे अज्ञान पुरातन आहे, त्याला इलाज नाही, असे म्हणणाऱ्यांनी या बाजाराचाच इतिहास आठवावा. वाशीला येण्यापूर्वी मुंबईचा बराचसा घाऊक व्यापार मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर या भागात होता. सप्टेंबर १८९६ मध्ये त्याच मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. धान्याच्या गोदामांत उंदीर, उंदरांवर पिसवा, आणि त्यांच्या चाव्यातून माणसाच्या रक्तात शिरणारे जंतू. प्लेगचा रोगी मरत असे तो बहुधा रक्तभर पसरलेल्या या संसर्गाने. त्या वेळी लोकांनी रोगी लपवले. सरकारची सक्ती निर्दय होती हे खरे. पण त्या लपवण्यात जातीचा विटाळ होता, इस्पितळाचे भय होते, आणि दुखणे घराबाहेर जाऊ न देण्याची आपली जुनी खोडही होती. त्याच काळात काही माणसे उलट्या दिशेने चालत होती. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून त्यांनी आपला मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवले होते. या दोघांची नावे आपण सभेत घेतो, तसबिरींना हार घालतो. पण सावित्रीबाईंनी त्या दिवशी ‘उद्या दाखवू’ म्हटले नाही, एवढी साधी गोष्ट आपण त्यांच्याकडून घेतली नाही.

हा समाज तापाकडे पाहू शकतच नाही, असेही नाही. मे २०२० मध्ये करोनाने एपीएमसीला ग्रासले, ११ मेपासून आठवडाभर पाचही मार्केट बंद ठेवावी लागली. त्या काळात माथाड्याच्या कपाळावर तापमापक रोखला गेला, त्याला थांबवून विचारले गेले की दम लागतो का, अंग दुखते का. व्यापारी, अधिकारी, ग्राहक, सगळ्यांना अचानक त्याच्या श्वासांची मोजदाद करावीशी वाटली. का? कारण त्याचा ताप आपल्या घरापर्यंत येऊ शकत होता. भीती सरली आणि चौकशीही सरली. गंमत अशी की गंभीर करोनाचे बरेच रुग्ण शेवटी सेप्सिसनेच गेले; म्हणजे ज्या मरणाला आपण सगळे घाबरलो होतो, ते मरण त्याआधीही या बाजारात होते आणि आजही आहे. फरक इतकाच, की टाचेच्या जखमेतून येणारे मरण गोण वाहणाऱ्याकडून गोण विकत घेणाऱ्याला लागत नाही. याहून कडू असे आपल्याविषयी मला काही सांगता येत नाही.

माथाडींच्या वाट्याला हक्क आपोआप आले नाहीत. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी असंघटित हमालांना एकत्र आणले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे आली, भविष्यनिर्वाह निधी आला. पन्नास किलोंहून जड गोण पाठीवर घेणार नाही असे सांगण्यासाठीही झगडावे लागले. पाठीवर किती ओझे असावे यावर समाज भांडू शकतो, तर अंगात ताप असताना किती तास थांबावे यावरही भांडू शकतो. आणि नोंदणीबाहेर रोजंदारीवर राबणारे, ज्यांना मंडळ नाही, ओळखपत्र नाही, त्यांच्याकरिता तर कोणीच भांडलेले नाही, माथाड्यांच्या पुढाऱ्यांनीही नाही.

साध्या माणसांना हा धोका वेळेत ओळखायला शिकवता येते; गडचिरोलीत हे घडून गेले आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावोगाव जन्ममृत्यू मोजले. नवजात बाळांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात जंतुसंसर्गाने होत होते, आणि आजारी बाळालाही घराबाहेर काढायचे नाही ही रूढी भक्कम होती. त्यांनी रूढीला नुसती शिवी दिली नाही. उपचारच घरात नेला. १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी बाळाचा श्वास मोजायला, दूध पिणे मंदावले की धोका ओळखायला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. या बायकांना हे काय जमणार, असे म्हणणारे होतेच. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते, आणि सेप्सिस झालेल्या बाळांत मरणाऱ्यांचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले होते. जंगलपट्टीतल्या बाईला जे जमले ते मुंबईच्या कुशीतल्या मुकादमाला जमणार नाही, असे म्हणायला मी तयार नाही. तिकडे न्यूयॉर्क राज्यात २०१२ साली बारा वर्षांचा एक मुलगा शाळेत खेळताना खरचटल्याचे निमित्त होऊन सेप्सिसने गेला. त्याच्या आईबापांनी ‘अल्पसा आजार’ मान्य केला नाही, आणि पुढच्याच वर्षी राज्याने प्रत्येक रुग्णालयाला सेप्सिस ओळखण्याची आणि वेळेत उपचाराची पद्धत बंधनकारक केली.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक टोळीत निदान दोघांना शिकवा : ताप किंवा जखमेबरोबर हुडहुडी, धाप, गार पडलेले किंवा निळसर हातपाय, मंदावलेली लघवी, असंबद्ध बोलणे, यांतले काही दिसले तर गोळी नाही, गाव नाही, तडक रुग्णालय, आणि तिथे पोहोचल्यावर मोठ्याने विचारायचे, ‘याला सेप्सिस तर नाही ना?’ म्हाताऱ्यांत ताप नसतानाही हे होते, आणि मधुमेह असलेल्याला पायाची जखम कळतच नाही, हेही सांगा. मार्केटमध्ये पाय धुवायला पाणी आणि बायकांना संडास द्या. जखम झालेल्याचा खाडा धरू नका. आणि आवकजावकीचा रोज हिशेब ठेवणाऱ्या या बाजाराने आणखी एक वही ठेवावी. इथे राबणारा कोणी तापाने वा जखमेने गेला, की तीत लिहावे : ताप कधी आला, पहिल्यांदा कोणाला दाखवले, त्याने काय दिले, रुग्णालयात कधी पोहोचला, योग्य औषध किती वाजता सुरू झाले, आणि मधले तास कोणापाशी गेले. त्या शेवटच्या रकान्यात कधी भावाचे नाव येईल, कधी मुकादमाचे, कधी औषधवाल्याचे, कधी दारात पैसे मागणाऱ्या रुग्णालयाचे, कधी गाळ्यावर बसलेल्या आडत्याचे. ती वही दर महिन्याला माथाडी भवनात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जावी.