आधी रीत दाखवा!

मिळकतकराचे बिल घरी आले की सामान्य पुणेकर प्रथम शेवटचा आकडा पाहतो, मग मुदत पाहतो, आणि लवकर भरणाऱ्यास मिळणारी सूट हातची जाऊ नये म्हणून पैशांच्या जुळवाजुळवीला लागतो. त्या शेवटच्या आकड्याच्या आधी ‘वार्षिक करपात्र रक्कम’ या नावाचा जो एक आकडा असतो, त्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः सारे बिल त्या एका आकड्यावर उभे असते. तो बरोबर असेल तर बिल बरोबर. तो चुकला असेल तर त्यापुढील बेरीज कितीही बिनचूक असली तरी मागणी अन्यायाचीच ठरते. हा आकडा ठरवतो कोण, कसा ठरवतो, आणि तो चुकला असता नागरिकाने दाद मागावयाची कोणाकडे, हा प्रश्न आज आम्ही जाणूनबुजून पहिल्या पानावर मांडत आहोत. कारण हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या चार पैशांचा राहिलेला नाही. नगरपालिका आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचा तो प्रश्न आहे.

आकारणीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. पुणे महानगरपालिका ज्या कायद्याखाली चालते तो मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आज त्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. एखादे घर भाड्याने दिले तर वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज करावयाचा, त्यातून दुरुस्तीखर्चादाखल दहा टक्के वजा करावयाचे, आणि जे उरेल ती करपात्र रक्कम समजावयाची, अशी ही पद्धत. पण जो गृहस्थ स्वतःच्याच घरात राहतो, त्याच्या हाती भाड्याचा पैसाही पडत नाही. म्हणून १९७० पासून पुणे महानगरपालिकेने मालक स्वतः राहत असलेल्या घरांना ४० टक्के सवलत दिली, आणि दुरुस्तीसाठी दहाऐवजी पंधरा टक्के वजावट मान्य केली. सुमारे अर्धशतक ही व्यवस्था चालली. पेन्शनीवर गुजराण करणाऱ्या माणसालाही या शहरात आपल्या घरी राहणे परवडले, त्याचे थोडे श्रेय या सवलतीकडे जाते.

पुढे लेखापरीक्षणात या सवलतीवर आक्षेप निघाला, शासनाने तिचा आधारच काढून घेतला, आणि २०१९ च्या सुमारास नव्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. मिळकतींच्या जीआयएस सर्वेक्षणानंतर कित्येक जुन्या घरांचीही सवलत गेली; मालक स्वतः त्या घरात राहत नाही असा शेरा कागदावर पडला, आणि मागील वर्षांच्या फरकाची मागणी दारात येऊन उभी राहिली. शहरात त्याबद्दल मोठा असंतोष माजला. अखेर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा मान्य केली. दुरुस्तीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे दहा टक्क्यांवर आणली. येथपर्यंत झाले ते बरे झाले. परंतु ज्यांची सवलत गेली होती त्यांना ती आपोआप परत मिळाली नाही. त्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरावा, स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडावेत आणि मुदतीत द्यावा, असे ठरले. ज्याने अर्ज केला त्याला न्याय मिळण्याची वाट मोकळी झाली. ज्याला या अर्जाची वार्ताच लागली नाही, तो पूर्वीच्याच आकड्याने भरत राहिला.

यातील अंतर किती मोठे आहे हे एका साध्या उदाहरणाने दिसेल. समजा, दोन शेजाऱ्यांच्या सारख्याच घरांचे वाजवी वार्षिक भाडे साठ हजार रुपये धरले. दहा टक्के वजा जाता चोपन्न हजार राहिले. पहिल्याला सवलत मिळाली. त्याची करपात्र रक्कम बत्तीस हजार चारशे झाली. दुसऱ्याला मिळाली नाही. त्याची चोपन्न हजारच राहिली. सवलत चाळीस टक्क्यांची म्हटली जाते खरी, पण ती ज्याने गमावली त्याची करपात्र रक्कम शेजाऱ्याच्या रकमेपेक्षा चाळीस नव्हे, तर जवळजवळ सदुसष्ट टक्क्यांनी अधिक भरते! जिना एक, पाण्याची टाकी एक, समोरचा खड्डाही एकच. आणि करासाठी मात्र दोन घरे दोन निरनिराळ्या शहरांत असल्यासारखी. हा फरक घराच्या किमतीमुळे पडलेला नाही. एकाने कागद दिला आणि दुसऱ्याने दिला नाही, एवढेच त्याचे कारण.

महानगरपालिकेच्या बाजूनेही बोलण्याजोगे आहे, आणि ते बोलले पाहिजे. सदनिका भाड्याने देऊन दरमहा पैसे घ्यावयाचे आणि बिलावर मात्र स्वतः राहत असल्याची सवलत उपटावयाची, असे करणारे लोक आपल्यात नाहीत असे कोण म्हणेल? त्यांच्या लबाडीचा भार शेवटी सरळमार्गी करदात्यावरच पडतो. म्हणून पुरावा मागणे गैर नाही. गैर आहे तो क्रम. वर्षानुवर्षे ज्याच्या बिलात सवलत होती, तिच्याबद्दल संशय आला तर संशय घेणाऱ्याने आधी नोटीस द्यावी, कारण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मग सवलत काढावी. येथे उलटे घडले. सवलत आधी गेली, आणि आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करण्याचे ओझे घरात राहणाऱ्यावर आले. ज्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत अशा वृद्धाने, ज्याचा मुलगा परगावी आहे अशा विधवेने, ज्याला रजा मिळत नाही अशा कामगाराने क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहावे, तेव्हा कोठे त्याचे घर त्याचे ठरावे, हा न्याय नव्हे.

कायद्यात दाद मागण्याची सोय नाही असे मात्र नाही. एखाद्या मिळकतीची प्रथमच आकारणी झाली किंवा तिची रक्कम वाढवली, तर मालकाला स्वतंत्र लेखी नोटीस दिली पाहिजे. त्या नोटिशीतील मुदतीत त्याने लेखी हरकत घेतली, तर आयुक्तांनी किंवा त्यांच्या अधिकाऱ्याने ती ऐकली पाहिजे. तेथे समाधान न झाल्यास न्यायाधीशांकडे अपील करता येते. परंतु या वाटेवर काटे आहेत. अपिलाची मुदत अवघी पंधरा दिवसांची. आणि वादातील कराची रक्कम आधी महानगरपालिकेत भरल्यावाचून अपील दाखल होत नाही. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असल्यामुळे त्यावर अशी अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये, याच कायद्याखाली अहमदाबादेतून आलेल्या एका प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा अट वैध आहे, यात वाद नाही. तथापि वैध गोष्ट सोयीची असतेच असे नाही. त्यात थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. रागाने बिल बाजूला टाकणाऱ्याचे खरे गाऱ्हाणेही या शास्तीखाली गाडले जाते.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महानगरपालिकेत या कामाच्या खात्याचे नाव ‘करआकारणी व करसंकलन विभाग’ असे आहे. जो आकारतो तोच वसूल करतो; आणि आकारणीविरुद्धची पहिली तक्रारही त्याच घरात ऐकली जाते. अधिकारी कितीही सचोटीचा असो, वसुलीचे उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याच हाती तराजू दिला तर काटा कोणीकडे झुकेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

भाडेमूल्यावर घरपट्टी बसवण्याची ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली. खुद्द इंग्लंडने राहत्या घरांपुरती ती १९९० मध्ये सोडली, आणि मधल्या काळातील फसलेल्या डोईपट्टीनंतर १९९३ पासून तेथे ‘कौन्सिल टॅक्स’ सुरू झाला. त्यात घरांच्या ए ते एच अशा आठ श्रेणी आहेत, आणि श्रेणी ठरते ती १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत आली असती तिच्यावरून. चाळीस हजार पौंडांपर्यंतचे घर सर्वांत खालच्या श्रेणीत; तीन लाख वीस हजारांच्या वरचे सर्वांत वरच्या. हे मूल्यांकन त्या वेळी घाईने, पुष्कळ ठिकाणी घरात पाऊलही न टाकता उरकले गेले, आणि इंग्लंडात ते पुन्हा कधी झालेच नाही. म्हणजे पद्धत आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. श्रेणी ठरवणारे मूल्यांकन कार्यालय आणि कर वसूल करून खर्चणारी स्थानिक कौन्सिल या तेथे दोन वेगळ्या संस्था आहेत. आणि नव्याने राहावयास आलेल्या माणसास सहा महिन्यांच्या आत श्रेणीला आव्हान देता येते; शेजारचे सारखेच घर खालच्या श्रेणीत आहे, हा तेथे पुरावा धरला जातो. निर्णय पटला नाही तर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे शुल्कावाचून जाता येते. वाद चालू असताना कर मात्र भरावाच लागतो. शिवाय फेरतपासणीत श्रेणी खाली येण्याऐवजी वरही जाऊ शकते. म्हणून माणूस विचार करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरे पाहून, मगच हरकत घेतो. हक्क आणि जबाबदारी तेथे एकाच दोरीने बांधलेली आहेत.

असल्या हरकतींनी काय साधते, असे विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. तेथे २०१० पासून भाडेमूल्य सोडून मिळकतीच्या भांडवली मूल्यावर कर बसवण्यात आला. त्यासाठी केलेल्या नियमांत जमिनीवर पुढेमागे किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरले गेले होते. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. आज जे आहे त्याचे मूल्य करा, उद्या होईल त्याचे नको. आणि नियम मागील तारखेपासून लावू नका, असा त्या निर्णयाचा आशय. काही मालकांनी चिकाटीने हरकत घेतली, आणि तिचा लाभ साऱ्या शहराला झाला.

सगळेच हरकती घेऊ लागले तर रस्ते, पाणी, दवाखाने कशावर चालावयाचे, असा प्रश्न यावर विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. पण चुकीच्या आकारणीवर उभे राहिलेले उत्पन्न हे उत्पन्नच नव्हे, ती उसनवारी आहे, आणि न्यायालयात हरल्यावर ती परत करावी लागते. ज्याला आपले बिल बरोबर असल्याची खात्री असते, तो कुरकुर न करता भरतो. आणि हा न्याय दोन्हीकडे लागू आहे. ज्याने गच्चीवर खोली चढवली, तळमजल्यावर दुकान काढले, राहते घर भाड्याने दिले आणि कागदावर काहीच बदलले नाही, त्याला आकारणीविरुद्ध ओरड करण्याचा अधिकार नाही.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, प्रत्येक बिलाबरोबर आकारणीचा पूर्ण हिशेब द्यावा: क्षेत्रफळ किती धरले, भाड्याचा दर कोणता लावला, वापर कोणता मानला, वजावट व सवलत किती दिली. दुसरी, राहत्या घराची सवलत नोटीस व सुनावणी यांवाचून काढली जाऊ नये. आणि ज्यांची अशी गेली आहे त्यांच्याकडे महानगरपालिकेने स्वतः जावे, त्यांच्या अर्जाची वाट पाहत बसू नये. तिसरी, हरकती ऐकणारा अधिकारी वसुलीच्या कामापासून वेगळा असावा, आणि त्याच्या निर्णयात कारणे लिहिलेली असावीत. यांपैकी पहिल्या दोन मागण्यांना तर कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

नागरिकांनाही आमचे सांगणे आहे. बिल हाती आले की आधी करपात्र रक्कम वाचा. त्याच इमारतीतील सारख्या घराच्या बिलाशी ताडून पाहा. क्षेत्रफळ आणि वापर बरोबर नोंदले आहेत का ते तपासा. चूक दिसली तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. कर मात्र आपली हरकत राखून ठेवीत असल्याचे लेखी कळवून भरून टाका, म्हणजे शास्तीचे भूत मानगुटीवर बसणार नाही. एकट्याने जाण्यापेक्षा सोसायटीने मिळून गेलेले बरे. योग्य कर द्यावयाचा आणि अयोग्य नाकारावयाचा, हा दुराग्रह नाही. लोकशाहीत तो व्यवहार आहे.

शाळेत गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुरुजी पूर्ण गुण देत नाहीत. रीत कोठे आहे, असे विचारतात. दरवर्षी लक्षावधी घरांना उत्तर लिहून पाठवणाऱ्या महानगरपालिकेला पुणेकरांनी तोच प्रश्न विचारावा. आकडा आम्ही भरू. आधी रीत दाखवा!