तीन तारांचे सांधे

लखनऊ छावणीच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. तेथे उतारूंची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या ई-रिक्षांच्या पोटात डोकावले, तर मोटारीतून निघालेल्या तीन जाड तारा दिसतात. त्यांचे रंग बहुधा पिवळा, हिरवा व निळा. शर्यतीच्या छंदासाठी मुले जी रेडिओनियंत्रित खेळण्यातील मोटारगाडी जुळवतात, तिच्या मोटारीतूनही अशाच तीन तारा निघतात. एक यंत्र चार-पाच माणसे वाहते, दुसरे तळहाताएवढे असते; परंतु दोघांचे कूळ एकच. ज्याने खेळण्याच्या तीन तारा नीट जोडल्या, त्याला रिक्षाच्या मोटारीचे अर्धे मर्म कळले असे समजण्यास हरकत नाही. म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या कामाकडे शाळांनी अधिक गांभीर्याने पाहावयास हवे.

जुन्या पद्धतीच्या विद्युत् मोटारीत कार्बनचे ब्रश व दिक्परिवर्तक यांच्या घर्षणातून प्रवाहाची दिशा बदलली जाई. ब्रश झिजत, ठिणग्या उडत. टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी या दोन अभियंत्यांनी १९६२ मध्ये हेच कार्य ट्रांझिस्टरांकडून करवून घेणारे यंत्र विद्वानांपुढे मांडले. पुढे १९८० च्या दशकात निओडिमियमचे प्रबळ चुंबक उपलब्ध झाले आणि ब्रशरहित मोटार सर्वत्र पसरली. हिच्यात गुंडाळ्या स्थिर असतात व चुंबक फिरतो. नियंत्रक तीन तारांपैकी दोहोंतून प्रवाह सोडतो व तिसरी मोकळी ठेवतो. ही जोडी तो सतत बदलत राहतो. साध्या नियंत्रकांत त्या मोकळ्या तारेत उपजणाऱ्या विद्युत् दाबावरूनच चुंबक कोठे पोहोचला आहे हे ओळखले जाते. त्यामुळे कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की अशी मोटार उलटी फिरू लागते. चुंबकाचे स्थान सांगणारे वेगळे संवेदक ज्या मोटारीत बसविलेले असतात, तिच्यात मात्र तारांचा क्रम बदलण्याची मुभा नाही. एखादा सांधा कच्चा राहिला तर मोटार अडखळते, जागच्या जागी थरथरते. मग अननुभवी मनुष्य नियंत्रक बिघडला असे समजून नवा विकत आणतो.

सांधा कच्चा असणे म्हणजे काय, याचे गणित शालेय पुस्तकातील सूत्राने करता येते. सांध्यात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. शर्यतीच्या छोट्या गाडीत वेग घेताना ६० अँपिअर प्रवाह वाहणे हे नवल नव्हे. सांध्याचा रोध एक ओहमाचा हजारावा भाग असेल, तर ३.६ वॅट उष्णता निर्माण होईल. तोच रोध दसपट झाला, की आकडा ३६ वॅटवर जातो. बाजारात मिळणारी लहान डाखणी २५ वॅटची असते! म्हणजे वाईट सांधा आपल्याच पोटात डाखणी बाळगून असतो आणि धावत्या गाडीत डाख वितळून तार गळून पडते. ई-रिक्षाची मोटार साधारणतः ४८ व्होल्टवर चालते व सुमारे १,००० वॅट घेते, म्हणजे प्रवाह २१ अँपिअरच्या आसपास. चढावर तो ४० अँपिअर झाला, तर तशाच सांध्यात १६ वॅट उष्णता कोंडते व वेष्टन जळू लागते.

चांगला डाख कसा द्यावा हे महाराष्ट्रातील जुन्या पिढीला निराळ्या नावाने ठाऊक होते. कल्हईवाला तांब्यापितळेचे भांडे आधी भट्टीवर तापवी, त्यात नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, आणि मग तो कथलाची कांडी भांड्याला लावी. कांडी विस्तवात वितळवून तो भांड्यावर ओतीत नसे. भांड्याच्या उष्णतेने कथील वितळत असे. नवसागर धातूवरील ऑक्साइडचा थर दूर करी, म्हणून कथील तांब्याला धरी. विद्युत् सांध्याचे शास्त्र याहून वेगळे नाही. केवळ नवसागराच्या जागी राळ वापरावयाची, कारण नवसागराचा अवशेष तांबे खात राहतो. डाखणीच्या टोकावर डाखाचा थेंब घेऊन तो थंड तारेवर टेकविणाऱ्या विद्यार्थ्याला कल्हईवाल्याची एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुरे. तारेला व मोटारीच्या पट्टीला प्रथम स्वतंत्रपणे कल्हई करावी, मग दोन्ही एकत्र तापवून जोडावीत. कित्येक मोटारींच्या तारा म्हणजे गुंडाळीचेच लांबविलेले टोक असते. ती कापून आखूड केली, तर प्रत्येक धाग्यावरील लाखेसारखा थर खरवडल्यावाचून डाख धरत नाही. नवशिक्यांचा बहुतेक घोटाळा येथेच होतो.

आणखी एक समजूत दूर करावयास हवी. नाजूक मोटारीला लहान डाखणी सोसवेल, असे पालकांना व पुष्कळ शिक्षकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने जाड तार डाखणीची उष्णता झपाट्याने पळवून नेते. २५ वॅटची डाखणी मिनिटभर धरून ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात उष्णता मोटारीत झिरपून निरोधनाला व चुंबकाला अपाय करते. निओडिमियमचे साधे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतात. रुंद टोकाची ६० ते ८० वॅटची डाखणी तेच काम तीन-चार सेकंदांत उरकते आणि मोटार कोमटसुद्धा होत नाही.

मात्र डाख सर्वत्र श्रेष्ठ, हा आग्रहही चुकीचा. अनेक बारीक धाग्यांच्या तारेत डाख झिरपला, की तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो, आणि जेथे ताठपणा संपतो नेमक्या त्याच ठिकाणी हादऱ्यांनी तार तुटते. स्क्रूखाली दाबावयाच्या टोकाला कल्हई करणे तर साफ चूक. दाबाखाली मऊ डाख हळूहळू सरकतो व पकड ढिली पडते. खड्ड्यांतून दिवसभर हेलकावणाऱ्या रिक्षाला म्हणूनच योग्य यंत्राने दाबून बसविलेले तांब्याचे टोपण बरे. खेळण्याच्या मोटारीत पट्टी व तार एकाच चौकटीत बसलेली असतात, तेथे डाख बरा. कोणता सांधा कोठे, हे ठरविण्याची बुद्धी हेच या शिक्षणाचे खरे फळ होय.

ई-रिक्षाचा आणि मराठी मुलखाचा संबंध ओढून ताणून आणलेला नाही. लखनऊत वाढलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून परतून साताऱ्याकडील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले, आणि त्या गावात २००० च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या रिक्षाचा आरंभीचा नमुना सिद्ध झाला. कायद्याने ई-रिक्षाला स्पष्ट मान्यता २०१५ च्या दुरुस्तीने मिळाली. तोवर शहरोशहरी हजारो रिक्षा धावू लागल्या होत्या, पण त्यांचे सांधे जोडणारे हात बहुतेक पाहून-पाहून शिकलेले होते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने शाळकरी मुलांच्या हाती अवजारे देण्याचा मार्ग दाखविला. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतही डाखणी पोचली आहे. तथापि अनेक शाळांत ती कपाटात राहते आणि विद्यार्थी तयार खटक्यांचे जोड एकमेकांत बसवितात. भाजण्याचे भय हे त्याचे कारण. वास्तविक भय धरावयाचे ते दुसऱ्याच गोष्टीचे.

परंपरागत डाखात कथलाबरोबर सुमारे ४० टक्के शिसे असते. शिशाची वाफ डाखणीच्या उष्णतेला नगण्यच निघते. डोळ्यांना झोंबणारा धूर राळेचा असतो, आणि तो दीर्घकाळ श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे. मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असून त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. विषविज्ञानाचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९६५ पासून ज्या लखनऊत आहे, त्याच शहरातील मुलाच्या हाती शिशाची तार देणे शोभणारे नाही. शाळांनी शिसेविरहित डाखच घ्यावा. तो १८३ ऐवजी सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो, थोडा महाग पडतो, आणि त्याचा उत्तम सांधाही निस्तेज दिसतो. तेव्हा चकाकी पाहून गुण देण्याची रीत शिक्षकांना सोडावी लागेल. सांधा ओढून पाहावा, गाडी पाच मिनिटे पळवावी, बॅटरी अलग करावी व मग तिन्ही सांध्यांजवळ बोट नेऊन त्यांतील एखादा इतरांपेक्षा अधिक तापला आहे काय ते पाहावे. खिडकी उघडी असावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.